दगड परत लावायचा नाही

आम्हाला दोन मुली. मोठी सातवीत, धाकटी तिसरीत. सोसायटीच्या आवारात मुलं खेळायला उतरली की धाकटी नेहमी कच्चा लिंबू. म्हणजे तिने सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, ओरडायचं; पण ती सापडली तरी तिच्यावर राज्य यायचं नाही, आऊट झाली तरी कोणी ते धरायचं नाही. लहानग्यांना खेळात सामावून घेण्याची ही आपल्याकडची जुनी रीत. मलाही ती प्रेमळ वाटायची. धाकटीला ती मुळीच आवडायची नाही. "मला खरंखरं आऊट करा ना," असं ती रडवेली होऊन म्हणायची आणि पोरं आणखीच हसायची.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढे मी तिच्याकडून जे काढून घेतलं ते तिला किती कष्टाने मिळालं होतं, हे त्याशिवाय कळणार नाही.

मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला माल ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे माझं काम. पाळ्या बदलत्या. मुली लहान असताना मी घरी असायचो तेव्हा बहुतेक झोपलेला असायचो. शाळा घरातून भरायची त्या काळात त्यांच्या हातात मोबाईल आला, आणि नंतर तो तिथेच राहिला. खरं सांगायचं तर तो राहिल्याने माझी सोयच झाली. घर शांत असायचं. मग अधूनमधून मला जाग यायची आणि मी एकदम ओरडायचो, मोबाईल काढून घ्यायचो, दोन दिवसांनी परत द्यायचो. मुलींनी माझ्या ओरडण्याला पावसासारखं धरलं होतं. येतं, जातं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांनी एक उपक्रम दिला. शाळेत ते एका खेळातून शिकवत. त्या खेळातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, आपण स्वतःही ठोकळ्यांचे. ठोकळा फोडायचा, पिशवीत घ्यायचा, हवा तिथे लावायचा. अशा जगात आपल्या शहरातली एखादी जुनी जागा उभी करायची, आणि ते काम घरच्यांनी मिळून करायचं, अशी सरांची अट होती. पालकसभेत ते म्हणाले, "नुसतं शेजारी बसून बघू नका. आत या. खेळा."

मी आत गेलो. लॅपटॉपवर धाकटी, बायकोच्या फोनवर मोठी आणि ऑफिसातून मिळालेल्या जुन्या टॅबवर मी. तिघं एकाच जगात. पहिल्या दिवशी मी पाण्यात पडलो, मग कड्यावरून पडलो, मग एका खड्ड्यात अडकलो आणि मला बाहेर येता येईना.

"पप्पा, खाली नका बघू. समोर बघा," धाकटी म्हणाली.

"समोर भिंत आहे."

"मग उडी मारा."

"कुठून मारायची उडी?"

दोघी लोळून हसल्या. मोठी डोळे पुसत म्हणाली, "राहू दे गं. पप्पा कच्चा लिंबू."

धाकटी हसायची थांबली. तिने बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे मी नाही?"

"तू कशाला? तुला येतंय की सगळं."

ती एकदम सरळ बसली. सत्कार होताना माणसं बसतात तशी. त्यानंतर मला शिकवायची जबाबदारी तिने आपल्याकडे घेतली, आणि माझ्याइतका ढ विद्यार्थी मिळाल्याचं तिला जराही दुःख नव्हतं.

जागा कोणती घ्यायची यावर फार चर्चा झाली नाही. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. गॅलरीत उभं राहिलं की लेण्यांचा डोंगर समोर दिसतो. शहरात बरेच जण पांडवलेणी म्हणतात, आमच्या घरात त्रिरश्मीच म्हणतात. पौर्णिमेला आम्ही चढून जातो, मुली कडेवर होत्या तेव्हापासून. त्या डोंगरातला एक विहार मोठीने निवडला. मध्ये मोठी चौकोनी जागा, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या लहान लहान खोल्या.

सुरुवात मी केली तशीच कोणीही केली असती. मोकळी जागा बघून भिंती उभारायला घेतल्या. दोन भिंती झाल्यावर मोठी थांबली.

"हे चुकतंय."

"काय चुकतंय? सरळ तर आहे," मी म्हणालो.

"पप्पा, लेणं बांधत नाहीत. कोरतात."

तिने भिंती पाडल्या. मग त्या जगात बराच वेळ फिरून एक डोंगर शोधला, अखंड दगडाचा. त्याच्या पायथ्याशी उभी राहून तिने नियम सांगितला. कोरायला सुरुवात केली की दगड परत लावायचा नाही. चुकून जास्त फुटला तर फुटला. ज्यांनी खरी लेणी कोरली त्यांना दगड परत लावता येत नव्हता, मग आपणही लावायचा नाही. शिवाय त्या खेळात चोरी लपतही नाही. डोंगराचा मूळचा दगड गुळगुळीत असतो, आणि तोच फोडून परत लावला की खडबडीत दिसतो. ठिगळ लगेच उठून दिसतं.

मला ते फार आवडलं. माझ्या मुलीच्या डोक्यात असं काही येतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी घरात मोबाईलवर वाकलेल्या दोन मानाच पाहत होतो.

माप घ्यायला आम्ही डोंगरावर गेलो. मोठी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत विहारात चालली आणि धाकटी मोठ्याने मोजत गेली. खोल्यांची दारं, त्यांच्यातली अंतरं, ओटे. घरी आल्यावर खोल्या वाटल्या गेल्या. डाव्या भिंतीतली एक खोली धाकटीला मिळाली. पूर्ण तिची. तिने आत ओटा सोडला, बाहेर येऊन दार पाहिलं, परत आत गेली. जेवतानाही ती तिच्या खोलीबद्दल बोलायची. "माझ्या खोलीत ना, उजवीकडे जरा अंधार येतो," असं, जणू भाड्याने घेतली आहे. मला मात्र कोणी खोली दिली नव्हती. मी फोडलेला दगड बाहेर टाकायचा.

सुट्टीच्या मध्यात बायको मुलींना घेऊन ओझरला भावाकडे गेली. टॅब मुलींनी गाडीत खेळायला नेला. मला सुट्टी होती, घरात एकटा होतो. चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि त्या जगात गेलो. लॅपटॉपवर धाकटीचंच पात्र होतं, निळ्या झग्यातली ठोकळ्यांची मुलगी. तिला चालवत मी विहारात आलो. बघायलाच गेलो होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणी "पप्पा, मध्ये येऊ नका" म्हणत नव्हतं.

आणि मला ते दार खुपलं. धाकटीच्या खोलीचं. बाकीची दारं सारख्या अंतरावर होती, हे एक बाजूला सरकलेलं होतं. जेमतेम एका ठोकळ्याने. मी पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पाहिलं. पोरीने चूक केली, असं मला वाटलं.

आमच्या कारखान्यात याला रीवर्क म्हणतात. एखाद्या नगाला भोक जागा सोडून पडलं, तर ते वेल्डिंगने भरायचं, घासून सपाट करायचं आणि योग्य जागी पुन्हा पाडायचं. नग वाया जात नाही. माझ्या हातून असे पुष्कळ नग वाचले आहेत. त्या दाराकडे पाहताना मला दुसरं काही सुचलंच नाही. मी एका बाजूने दगड लावला, दुसऱ्या बाजूने फोडला, दार मध्यावर आणलं. खडबडीत दिसत होतं, पण रांग सरळ झाली होती.

नियम विसरलो होतो म्हणालो तर ते खोटं ठरेल. नियम आठवला. पण तो मुलांनी मुलांसाठी केलेला नियम आहे असं मला वाटलं. मोठ्या माणसाने चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती त्यात मोडत नाही, असं मी धरून चाललो. त्या क्षणी मला समाधानही वाटत होतं. मुलींसाठी काहीतरी केल्याचं. मग दारावर कोणीतरी बेल वाजवली म्हणून मी उठलो आणि लॅपटॉप तसाच मिटला. निळ्या झग्यातली मुलगी त्या खोलीतच उभी राहिली, पिशवीत उरलेले दगड घेऊन.

मुली परत आल्या त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभा होतो. मोठीने सगळं सुरू केलं आणि काही क्षणांत तिचा आवाज आला.

"हे काय केलंस तू?"

"काय?" धाकटी म्हणाली.

"दगड लावलास."

"मी नाही लावला."

"तुझी खोली आहे. तू तिथेच उभी आहेस. पिशवी उघड. हे बघ, दगड. अजून किती खोटं बोलशील?"

"ताई, मी नाही लावला. आईशप्पथ. मी तर ओझरला होते तुझ्याबरोबर."

"जायच्या आधी लावला असशील. लबाड."

मी तिथेच होतो. कप हातात होता. बोलायला एक शब्द पुरला असता. मी बोललो नाही.

का बोललो नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे आणि मिळालेलं उत्तर लाजिरवाणं आहे. ओझरला जायच्या आदल्या दिवशी मोठी मला म्हणाली होती, "पप्पा, आता तुम्हाला जमायला लागलं हं." तेरा वर्षांची पोर मला असं काही क्वचितच म्हणते. ते मला घालवायचं नव्हतं. शिवाय वाटलं, बहिणींची भांडणं, जेवणापर्यंत मिटतील. मी कप विसळायला आत गेलो. नळाचा आवाज मोठा ठेवला.

भांडण मिटलं नाही. मोठी माझ्यासारखीच आहे, माल एकदा बाजूला काढला की काढला. तिने धाकटीला सांगितलं, "तू कच्चा लिंबूच बरी. नुसतं फिर. हात लावायचा नाही कशाला." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, हिची खोली तुम्ही पुरी करा."

मी ती घेतली. हेच मला सगळ्यात जड जातं. गप्प राहणं एका क्षणाचं होतं, घाबरून झालं म्हणता येईल. पण खोली घेऊन मी तिच्यात रोज काम केलं. ओटा नीट केला, आतला कोपरा कोरला. धाकटी निळ्या झग्यात दाराबाहेर उभी राहायची. आत यायची नाही. मी म्हणायचो, "ये ना आत." ती म्हणायची, "नको. मोजलं जात नाही माझं."

घरातही ती शांत झाली. बायकोच्या लक्षात आलं. "बरं नाहीये का हिला?" असं तिने विचारलं. मी म्हणालो, "खेळातलं काहीतरी आहे दोघींचं." हे वाक्य खरं होतं, म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

दोन-तीन दिवस असे गेले. मग एके दुपारी मोठी एकटी काम करत होती, मी शेजारी होतो, आणि धाकटी येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले.

"ताई, सॉरी. मीच लावला दगड."

मोठीने मान वर केली. "का लावलास?"

धाकटीने जरा विचार केला. गणिताचं उत्तर शोधताना करते तसा, ओठ आत घेऊन. "मला ते दार आवडत नव्हतं."

"मग आधीच सांगायचं ना. शपथ कशाला घेतलीस?"

"भीती वाटली."

"बरं. परत नाही ना लावणार?"

"नाही."

"ये. बस."

आणि ती बसली. लॅपटॉप पुढे ओढला. मोठी मला म्हणाली, "पप्पा, हिची खोली हिला द्या परत." मी माझं पात्र खोलीबाहेर काढलं. धाकटी आत गेली आणि मी केलेल्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

स्वतः न केलेली चूक कबूल करताना मी एखाद्या मोठ्या माणसाला पाहिलं आहे. कारखान्यात होतं तसं, नोकरीसाठी माणूस करतो. आठ वर्षांच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि तिने कबूल केलेली चूक माझी होती. तरीही मी त्या दुपारी बोललो नाही. आता मिटलंय, आता उकरून काय होणार, असं मनात आलं. माणूस स्वतःला किती चटकन माफ करून टाकतो याचा मला त्या दिवशी अंदाज आला.

बोलायला भाग पाडलं ते मोठीने, नकळत. त्या ठिगळामुळे तिला स्वतःच्या मापाची शंका यायला लागली होती. सरळ रांगेत दार चांगलं दिसतं, म्हणजे आधी मोजताना आपणच चुकलो की काय? सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी तिने आम्हाला परत डोंगरावर नेलं. सकाळची वेळ होती. पायऱ्यांवर व्यायामाला आलेली माणसं धापा टाकत होती, विहारात मात्र कोणी नव्हतं. आत थंड होतं आणि वटवाघळांचा तो नेहमीचा वास.

मोठी डाव्या भिंतीला लागून टाचेला बोट लावत चालली. ती एका दाराशी थांबली, परत मागे गेली, पुन्हा मोजलं. मग तिने हाताने दाराची कड चाचपली.

"बघा. सरकलेलंच आहे," ती म्हणाली. "खऱ्यातच सरकलेलं आहे. माझं बरोबर होतं."

मी पाहिलं. खरंच होतं. कोणा कारागिराचा हात तिथे जरा बाजूला गेला असेल, किंवा दगडात काही लागलं असेल म्हणून त्याने जागा सोडली असेल. इतक्या शतकांत कोणी ते दार मध्यावर आणलं नव्हतं. मी इतकी वर्षं तिथे येतोय, मला ते कधी दिसलं नव्हतं. मोठीला दिसलं होतं, आणि तिच्या मापाने धाकटीने ते जसंच्या तसं कोरलं होतं.

ती धाकटीकडे वळली. "आणि तुला म्हणे आवडत नव्हतं."

धाकटी खोलीतल्या ओट्यावर पाय हलवत बसली होती.

"तिने नाही केलं," मी म्हणालो. "मी केलं. तुम्ही ओझरला होतात तेव्हा. लॅपटॉपवरून."

माझा आवाज त्या जागेत उगाच मोठा झाला. मोठी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, गोंधळली.

"पण तुम्हाला दगड लावता येतो?"

"येतो."

"मला वाटलं नाही येत." ती थांबली. "तुमचा विचारच केला नाही मी. तुम्ही कच्चा लिंबू ना."

मग तिला एकदम बहिणीची आठवण झाली. "अगं, मग तू हो का म्हणालीस? वेडी आहेस का?"

धाकटीचे पाय हलायचे थांबले. तिने मोठीला उत्तर दिलं, पण पाहिलं माझ्याकडे.

"मला माहीत होतं पप्पांनी लावला. घरात तेच होते ना."

"मग सांगायचं मला!"

"मला वाटलं पप्पा सांगतील." तिने ओट्यावरचा एक खडा उचलला आणि खाली टाकला. "ते सांगतच नव्हते. आणि मला खेळायचं होतं."

कारखान्यात मी साहेबांची बोलणी खाल्ली आहेत, बायकोचे शब्द ऐकले आहेत. या वाक्याइतकं काही मला लागलेलं नाही, आणि त्यात रागाचा लवलेशही नव्हता. एवढ्या दिवसांत मी जेव्हा जेव्हा खोलीतून "ये ना आत" म्हणालो होतो, तेव्हा तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिने नळाचा आवाजही ऐकला असेल.

मी तिच्यासमोर खाली बसलो. सॉरी म्हणालो. ती "हं" म्हणाली. मोठी विहाराच्या दाराशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली, आणि थोड्या वेळाने पाठ न वळवता म्हणाली, "सॉरी गं." धाकटीने तिलाही "हं"च म्हटलं.

पायथ्याशी मी उसाचा रस विचारला. दोघींनी नको म्हटलं.

घरी बायकोला मीच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"अहो, म्हणजे पोर बोलणी खात होती आणि तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"आणि वर तिची खोली घेतलीत?"

"हो."

"शाबास," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. त्या पोळ्या त्या दिवशी फार पातळ झाल्या.

ठिगळाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मला ते फोडून दार पूर्वीसारखं करायचं होतं, पण फोडलेला गुळगुळीत दगड परत येणार नव्हता. मोठी म्हणाली, राहू दे. शाळेत सगळ्यांची कामं दाखवायचा दिवस आला. मोठ्या पडद्यावर आमचा विहार फिरवून दाखवला जात होता आणि पालक मागे उभे होते. सरांनी त्या दारापाशी थांबून विचारलं, "इथे दगड वेगळा का आहे?"

आता बोलायचं म्हणून मी हात वर करायला लागलो होतो, तेवढ्यात मोठी म्हणाली, "सर, ते आमच्या घरातलं आहे." सर हसले आणि पुढे गेले. धाकटीने मागे वळून मला शोधलं. माझा अर्धवट वर झालेला हात तिने पाहिला की नाही, मला माहीत नाही.

सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. शाळा सुरू झाली, माझ्या पाळ्या सुरू झाल्या, मुली खेळतात, भांडतात, माझ्याशी बोलतात. पण धाकटीत एक बदल झाला आहे आणि तो फक्त मला आणि बायकोला दिसतो. पूर्वी घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं की ती सगळ्यात आधी ओरडायची, "मी नाही!" आता म्हणत नाही. ती थांबते आणि आजूबाजूला बघते, कोण काय बोलतंय याची वाट पाहत. एकदा चार्जरची वायर तुटली तेव्हा बायकोने तिलाच विचारलं, तर ती म्हणाली, "आधी पप्पांना विचार." बायको हसली. मीही हसलो. वायर मोठीच्या हातून तुटली होती.

मागच्या महिन्यात धाकटीने त्या खेळात स्वतःचं एक वेगळं जग सुरू केलं. तिथे डोंगर नाही, लेणं नाही. एक गाव आहे, त्यातल्या गल्ल्या तिने आखल्या आहेत. बहिणीलाही तिथे विचारल्याशिवाय येता येत नाही. एका रविवारी सकाळी मी तिला विचारलं, "मी येऊ का?"

तिने हातातला ठोकळा आधी लावून घेतला. मग म्हणाली, "या. पण काही झालं तर लगेच सांगायचं."

"सांगीन."

"लगेच म्हणजे मी विचारायच्या आधी."

"हो."

मी आत गेलो. तिने घरांच्या दारांत दिवे लावले होते, एक संबंध गल्ली. ती गावाच्या टोकाला विहीर करत होती, माझ्याकडे तिची पाठ होती. मी दिवे बघत चाललो होतो. वळताना बोट चुकलं आणि एका दारातला दिवा फुटला. आवाजही झाला नाही. ती तिकडे खोल खणत होती, तिला कळण्याची शक्यता नव्हती.

"तुझा एक दिवा फुटला माझ्याकडून," मी म्हणालो.

"कुठला?"

"चौथ्या घराचा."

ती विहिरीतून वर आली, गल्लीतून चालत त्या घरापाशी आली, दाराकडे पाहिलं. पिशवीतून नवा दिवा काढून लावला.

मग विहिरीकडे परत जाण्याआधी ती गल्लीच्या दोन्ही बाजूंनी फिरली आणि बाकीच्या घरांचे दिवे एकेक करून पाहून आली.